पायथन पॅकेजिंगच्या गाइडमध्ये चार ओळी: पहिल्या अडथळ्यापासून मर्जपर्यंत

आपण पायथनमध्ये लिहिलेला कोड दुसऱ्या कुणालाही 'पिप इन्स्टॉल' करून वापरता यावा, यासाठी काय काय करायचं ते सांगणारी एक मार्गदर्शिका आहे, पायथन पॅकेजिंग युजर गाइड. पायथन पॅकेजिंग ऑथॉरिटी, म्हणजे पायपीए, हा स्वयंसेवकांचा गट ती सांभाळतो. या गाइडमधल्या नवशिक्यांच्या धड्यात मी एक छोटी सुधारणा सुचवली आणि ती स्वीकारली गेली. काम चार ओळींचं आणि दोन लिंकांचं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेलं ते जानेवारी २०२५ मध्ये संपलं, आणि मधल्या काळात कुणीतरी मराठीत असा अनुभव लिहिलेला सापडावा असं मला सारखं वाटत होतं. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

मी सांगलीजवळच्या एका तंत्रनिकेतनात संगणक विभागात शिकवते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या एका गटाने प्रोजेक्ट म्हणून एक छोटी लायब्ररी लिहायला घेतली होती. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि घरात सगळे एकर-गुंठ्यांत बोलतात. ४० गुंठ्यांचा एकर, १०० आरचा हेक्टर, आणि एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरांहून किंचित जास्त. हा हिशोब दोन्ही बाजूंनी करून देणारी आणि देवनागरी आकडेही वाचू शकणारी अशी ती लायब्ररी. कोड छान झाला होता. मुलांना तो नुसता पेन ड्राइव्हवर ठेवायचा नव्हता, रीतसर पॅकेज करून टाकायचा होता. मी म्हटलं, चला, गाइडमधला 'पॅकेजिंग पायथन प्रोजेक्ट्स' हा धडा घेऊन आपण सगळे एकत्रच करू.

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या मशीनवर उबुंटू २४.०४ हे लिनक्स चढवलं होतं. त्यात पायथन ३.१२ येतं. ऑगस्टमध्ये एका शनिवारी आम्ही बसलो. धडा सुरुवातीलाच पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं साधन, अद्ययावत करायला सांगतो. सगळ्यांनी कमांड दिली आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकच लाल मजकूर आला, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट'.

"मॅडम, ह्ये काय आलंय बघा की," मागच्या बाकावरून आवाज आला.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लिनक्समध्ये खुद्द सिस्टिमची कितीतरी साधनं पायथनवर चालतात आणि त्यांची पॅकेजेस उबुंटूचं एपीटी हे इन्स्टॉलेशनचं साधन सांभाळतं. पिपनेही त्याच जागेत हात घातला तर दोघांचा गोंधळ होतो आणि कधी कधी सिस्टिमचीच साधनं बंद पडतात. म्हणून पेप ६६८ या प्रस्तावाने असं ठरवलं, की ऑपरेटिंग सिस्टिमने आपल्या पायथनशेजारी एक खुणेची फाइल ठेवावी आणि ती दिसली की पिपने थांबावं. उबुंटूने २३.०४ मध्ये आणि डेबियनने १२ व्या आवृत्तीत, म्हणजे दोघांनीही २०२३ मध्ये, हे लागू केलं. निर्णय योग्यच आहे. पण ज्याने आयुष्यात पहिल्यांदा पॅकेज करायला घेतलंय त्याच्यासाठी पहिल्याच कमांडला दार बंद होतं.

पुढे काय झालं ते मी शांतपणे बघत राहिले, आणि आज वाटतं की या सगळ्यातला सर्वांत उपयोगी तास तोच होता. निम्म्या मुलांनी तो लाल मजकूर जसाच्या तसा सर्चमध्ये टाकला आणि पहिल्या उत्तरातला 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय कमांडला जोडला. काम झालं, ती पुढे गेली. काहींनी संदेश नीट वाचला. त्यात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टिमपासून वेगळी अशी एका प्रकल्पापुरती पायथनची जागा, करा असं लिहिलेलं असतं. त्यांनी ते करायला घेतलं तर दुसरा अडथळा: उबुंटूमध्ये त्यासाठी लागणारा 'पायथन ३.१२ व्हेन्व' हा भाग वेगळा इन्स्टॉल करावा लागतो, आणि त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. पासवर्ड लॅब असिस्टंटकडे, आणि ते त्या दिवशी परीक्षेच्या कामात. म्हणजे ज्यांनी बरोबर रस्ता धरला ती मुलं थांबली आणि ज्यांनी सिस्टिमला धक्का लावणारा पर्याय घेतला ती पुढे गेली. हे मला फार लागलं.

स्वतःचे लॅपटॉप आणलेल्यांची तऱ्हा वेगळी. धड्यात प्रत्येक कमांडला दोन टॅब असतात, एक युनिक्स-मॅकओएसचा आणि दुसरा विंडोजचा. पहिला टॅब उघडा दिसतो म्हणून विंडोजवाल्यांनी तोच उचलला, आणि काहींच्या पडद्यावर पायथन सापडलं नाही, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या, असा संदेश आला.

त्यानंतर टेस्टपायपीआयवर खातं. ही सरावासाठीची वेगळी साइट आहे. पिप जिथून पॅकेजेस आणतं त्या खऱ्या पायपीआयवरचं खातं किंवा टोकन, म्हणजे अपलोडसाठी पासवर्डऐवजी लागणारी गुप्त ओळ, इथे चालत नाही. ईमेलची खातरजमा करावी लागते आणि दोन टप्प्यांची पडताळणी सक्तीची आहे, जी पायपीआयवरही २०२४ च्या सुरुवातीपासून सर्वांना लागू झाली. आधी रिकव्हरी कोड काढून जपून ठेवायचे, मग मोबाइलमध्ये ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडायचं. एका मुलीकडे स्वतःचा फोन नव्हता. तिने गटातल्या मैत्रिणीच्या खात्यावर काम केलं. शिकवणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की खातं उघडण्याचं काम आदल्या दिवशी घरून करून यायला सांगा. वर्गात ते करायला गेलात तर अर्धा दिवस तिथेच जातो.

संध्याकाळी घरी आल्यावर मी एका वहीत सगळं उतरवून काढलं. कोण कुठे थांबलं, पडद्यावर नेमकी कोणती ओळ होती, आणि पुढे जायला शेवटी काय लागलं, एवढंच. मतं लिहिली नाहीत. मग गाइड उघडून एकेका अडथळ्याचं उत्तर शोधत बसले. जवळपास सगळ्यांची उत्तरं गाइडमध्येच होती. डेबियन-उबुंटूवर व्हेन्व वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, ते लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरांबद्दलच्या पानावर लिहिलेलं आहे. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटवर तर स्वतंत्र, सविस्तर पान आहे. फक्त जो पहिल्या कमांडला अडकलाय त्याला ती पानं आहेत हेच ठाऊक नसतं. नवीन काही लिहायची फारशी गरज नव्हती. अडायच्या जागेवरून त्या पानाकडे बोट दाखवायचं होतं.

पण बदल सुचवायचा म्हणजे काय करायचं? याआधी मी कुठल्याही खुल्या प्रकल्पाला हात लावला नव्हता. शिकवण्यात वर्षं गेली असली तरी जगभरची माणसं वाचतील अशा ठिकाणी इंग्रजीत लिहायचं म्हटलं की पोटात गोळा येत होता. गणपतीच्या सुट्टीत ठरवून बसले आणि आधी फक्त वाचलं. गाइडचा सगळा मजकूर गिटहबवर, म्हणजे खुल्या प्रकल्पांचं काम जिथे चालतं त्या साइटवर, आहे. योगदान कसं द्यावं यावर एक पान आहे, त्यातच लेखनशैलीचे नियम आहेत. ते नियम वाचून धीर आला. वाचणारा हुशार आहे, त्याला फक्त या विषयाची माहिती नाही असं धरून लिहा. आपल्याला सगळं येत असलं तरी नम्रपणे लिहा. वाचकाकडे आधीच काय असायला हवं ते सुरुवातीला सांगा. आमच्या लॅबमध्ये नेमकं हे शेवटचंच हवं होतं.

तिथेच आणखी एक गोष्ट कळली. या गाइडमध्ये धडे, गाइड्स, चर्चा आणि स्पेसिफिकेशन्स असे वेगवेगळे भाग आहेत, आणि कोणता मजकूर कुठे जावा याला महत्त्व आहे. दस्तऐवजांच्या जगात डायटॅक्सिस नावाची एक मांडणी प्रसिद्ध आहे. शिकवणारा धडा, एखादं काम करून देणारी कृती, संदर्भासाठीची माहिती आणि समजावणारं विवेचन हे चार प्रकार वेगळे ठेवावेत, असं ती सांगते. धड्यात विद्यार्थ्याचा हात धरून त्याला एकाच वाटेने शेवटपर्यंत न्यायचं. वाटेत दहा पर्याय समजावत बसायचं नाही. मी शिक्षिका असल्यामुळे हे लगेच पटलं. पण पटणं आणि लिहिताना पाळणं यांत बरंच अंतर आहे, ते पुढे येईलच.

सप्टेंबरच्या मध्यावर जुने इश्यू, म्हणजे गिटहबवर लोकांनी नोंदवलेल्या अडचणी आणि सूचना, शोधायला बसले. हे प्रत्येकाने करावं, आणि फक्त उघडे इश्यू न बघता बंद झालेलेही बघावेत. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटबद्दल लोक आधीपासून बोलत होते. काहींचं म्हणणं, धड्यात ते यायलाच हवं. काहींचं म्हणणं, आला तर धडा लांबेल. दोन्ही बाजू वाचल्यामुळे मला काय मागायचं नाही ते समजलं. माझ्या इश्यूमध्ये मी एवढंच लिहिलं: वर्गात हा धडा वापरला, मशीनवर उबुंटू २४.०४ आहे, अमुक कमांडला अमुक संदेश येतो, त्यानंतर विद्यार्थी असे असे करतात, आणि ज्या पानांवर याचं उत्तर आहे त्यांच्या लिंका या. शेवटी विचारलं, की कमांडच्या आधी एक-दोन वाक्यं टाकली तर चालेल का, मी लिहायला तयार आहे.

ही दहा-बारा वाक्यं लिहायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. छोटी वाक्यं केली, विशेषणं काढली, आणि 'सबमिट'वर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. माझ्यासारखी धाकधूक ज्यांना होते त्यांना सांगते: तिथे येणाऱ्या पुष्कळांची मातृभाषा इंग्रजी नसते. माझ्या व्याकरणाबद्दल कुणीही, कधीही, एक शब्द काढला नाही. त्यांना हवी असते ती नेमकी माहिती, आणि ती माझ्या वहीत होती.

साधारण आठवड्याभराने उत्तर आलं. वर्गातलं निरीक्षण दिल्याबद्दल आभार, बदलाचा मसुदा पाठवा, फक्त धडा मोठा होऊ देऊ नका. दोन ओळींचंच उत्तर, पण त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही.

ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष कामाला लागले. तांत्रिक तयारी फार अवघड नाही, पण क्रम माहीत असला की बरं पडतं. गिटहबवर रेपॉझिटरीचा, म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या फाइलींचा, आपला फोर्क (स्वतःची प्रत) करायचा, तो आपल्या मशीनवर आणायचा, आणि या एका बदलासाठी वेगळी ब्रँच, म्हणजे शाखा, काढायची. गाइड स्फिंक्स या साधनाने तयार होतं आणि मजकूर रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या पद्धतीने लिहिलेला असतो. मार्कडाउनची सवय असलेल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोडसाठी इथे दुहेरी बॅकटिक लागतात, आणि टॅबच्या आतला मजकूर नेमका किती जागा सोडून लिहिलाय याला महत्त्व असतं. एक जागा इकडची तिकडे झाली तर टॅब मोडतो. नॉक्स नावाचं साधन इन्स्टॉल केलं की त्याच्या 'प्रिव्ह्यू' सेशनने पूर्ण गाइड आपल्याच मशीनवर ब्राउझरमध्ये दिसतं आणि फाइल जतन केली की पान आपोआप ताजं होतं. हे मी अर्थात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्येच केलं. पैसे कुठेच लागले नाहीत. गिटहबचं साधं खातं फुकट, बाकी सगळी साधनं खुली.

माझा पहिला मसुदा अर्ध्या पानाचा होता. पेप ६६८ म्हणजे काय, ते का आलं, एपीटी आणि पिप यांचं नातं, 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' का टाळावं, सगळं त्यात आलं होतं. माहिती खरी होती आणि वाचायलाही बरी होती. तो मसुदा मी प्रिव्ह्यूमध्ये ठेवला आणि ऑगस्टच्या त्या शनिवारी गैरहजर असलेल्या एका विद्यार्थिनीला बोलावून म्हटलं, "हे बघून पॅकेज कर, मी मध्ये बोलणार नाही."

तिने काय केलं? मी सगळा मजकूर रंगीत चौकटीत 'नोट' म्हणून टाकला होता. ती चौकट तिने बघितलीही नाही. नजर सरळ काळ्या कमांडच्या पट्टीवर गेली, तिने ती कॉपी केली, आणि लाल मजकूर आला. मग ती वर गेली, चौकट वाचायला लागली, तिसऱ्या वाक्याला कंटाळली आणि म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी आता टायपायचं काय?"

मी अर्धं पान काढून टाकलं. चौकट काढली आणि कमांडच्या अगदी वरच्या परिच्छेदात साध्या वाक्यांत लिहिलं, की या धड्यातल्या कमांड व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवा, ते कसं करायचं ते या पानावर आहे. आणि अमुक संदेश दिसत असेल तर तुम्ही अजून सिस्टिमच्याच पायथनमध्ये आहात. संदेशातले शब्द मुद्दाम जसेच्या तसे ठेवले, कारण अडलेला माणूस पानावर तेच शब्द शोधतो. पुन्हा एका मुलाला बसवलं. तो वाक्य वाचून त्या लिंकवर गेला, परत आला आणि पुढे गेला. दस्तऐवजात बदल करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी असं कुणाला तरी शेजारी बसवावं आणि स्वतः गप्प राहावं. आपल्याला स्पष्ट वाटणारं काय काय दिसतच नाही, ते त्याशिवाय समजत नाही.

दिवाळीच्या तोंडावर पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल गाइडमध्ये घ्या अशी विनंती, उघडली. वर्णनात इश्यूचा क्रमांक दिला आणि दोन विद्यार्थ्यांबरोबर पडताळून पाहिल्याचं लिहिलं, नावं न देता. प्रकल्पात पहिल्यांदाच येणाऱ्यांच्या बाबतीत गिटहबवरच्या आपोआप होणाऱ्या चाचण्या मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, परवानगी दिल्यावर सुरू होऊ शकतात. 'मंजुरीची वाट पाहत आहे' असं दिसलं तर घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नसतं. परवानगी मिळाली, रीड द डॉक्स या साइटवर माझ्या बदलासकट संपूर्ण गाइडची तात्पुरती प्रत तयार झाली आणि तिची लिंक मिळाली. ती लिंक मोबाइलवर उघडून मी आईला दाखवली. तिला त्यातलं काही समजायचं कारण नव्हतं, तरी तिने चष्मा लावून पूर्ण पान वाचलं.

एका चाचणीवर मात्र लाल फुली होती. गाइडमधल्या सगळ्या लिंका जिवंत आहेत का हे तपासणारी ती चाचणी. बाहेरच्या कुठल्याशा साइटची लिंक त्या दिवशी उघडत नव्हती आणि माझ्या बदलाशी तिचा संबंध नव्हता. अशा वेळी चाचणीचा लॉग उघडून नेमकी कोणती ओळ पडली ते वाचावं आणि पुल रिक्वेस्टवर एका वाक्यात तसं नोंदवावं. मी तसंच केलं.

आणि मग शांतता. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, कॉलेजात परीक्षा सुरू झाल्या. रोज सकाळी चहाबरोबर गिटहब उघडून बघायची सवय लागली. हा काळ खरंच जड जातो. मनात नको नको ते येतं. आवडलं नसेल, मूर्खपणाचं वाटलं असेल. खरी गोष्ट एवढीच असते की ही माणसं आपापली नोकरी सांभाळून, विनामोबदला हे काम करतात आणि त्यांच्यासमोर अशा पुष्कळ रिक्वेस्ट असतात. महिनाभर थांबून मी एकच नम्र ओळ लिहिली, यात माझ्याकडून आणखी काही हवं आहे का. एवढी आठवण करण्यात काही गैर नाही. दर दोन दिवसांनी मात्र करू नये.

डिसेंबरच्या सुरुवातीला रिव्ह्यू आला, आणि त्यातून मी सर्वांत जास्त शिकले. पहिली सूचना, माझं वाक्य फक्त उबुंटूचं नाव घेत होतं. डेबियनवाले, मॅकवर होमब्रू हे इन्स्टॉलेशनचं साधन वापरणारे, यांनी काय समजायचं? होमब्रूचं पायथनही ३.१२ पासून हाच संदेश देतं, हे मला तेव्हा कळलं. वाक्य बदलून 'काही ऑपरेटिंग सिस्टिम' असं केलं.

दुसरी सूचना पचायला वेळ लागला. व्हेन्व इन्स्टॉल करायची एपीटीची कमांड मी धड्यातच लिहिली होती. रिव्ह्यू करणाऱ्यांचं म्हणणं, ती काढा आणि जिथे ती आधीच आहे त्या पानाची लिंक द्या. मला वाटत होतं, अडलेल्या मुलाला आणखी एका पानावर कशाला पाठवायचं? मी तसं लिहिलंही, लॅबमधला अनुभव सांगून. उत्तर असं आलं, की हीच कमांड तीन पानांवर असली तर उद्या पॅकेजचं नाव बदलल्यावर तिन्ही जागा कोण शोधणार? त्यातली एक जुनी राहील आणि पुढच्या नवशिक्याला चुकीची वाट दाखवेल. त्यावर मी दोन दिवस विचार केला. माझ्याकडे माझा वर्ग होता, त्यांच्याकडे पुढची दहा वर्षं होती. दोन्ही खरंच होतं. शेवटी आम्ही मध्ये भेटलो: 'काही लिनक्स सिस्टिमवर यासाठीचा भाग वेगळा इन्स्टॉल करावा लागतो' हे वाक्य धड्यात राहिलं आणि लिंक पानाच्या सुरुवातीला न देता थेट त्या कमांडच्या शीर्षकाला दिली. एका क्लिकमध्ये कमांड डोळ्यांसमोर. ही तडजोड माझ्या मूळ मसुद्यापेक्षा चांगली आहे असं मला आज मनापासून वाटतं.

बाकी किरकोळ. एक वाक्य दोनदा तेच सांगत होतं, ते त्यांनी कापलं. गिटहबवर रिव्ह्यू करणारे थेट बदललेलं वाक्य सुचवू शकतात आणि आपण एका बटणाने ते स्वीकारू शकतो. तेवढ्यासाठी पुन्हा मशीनवर काही करावं लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये, मकर संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी, मर्ज झाल्याचा, म्हणजे बदल गाइडमध्ये सामील झाल्याचा, मेल आला. दुसऱ्या दिवशी मुलांना तिळगूळ देताना सांगितलं तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑगस्टमध्ये लाल मजकूर बघून माझ्याकडे वळलेली हीच मुलं. त्यातल्या प्रत्येकाच्या अडण्याचा त्या चार ओळींत वाटा होता, आणि ते मी त्यांना सांगितलं.

पुढच्या सत्रात आम्ही धडा पुन्हा पहिल्यापासून केला. या वेळी व्हेन्व सगळ्या मशीनवर आधीच इन्स्टॉल करून घेतलं होतं. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांच्यासाठी मी धड्याच्या पहिल्या भागाचा मराठी उतारा करून झेरॉक्स वाटल्या. गाइडचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ३.० परवान्याखाली आहे. म्हणजे भाषांतर करता येतं, पण मूळ स्रोताचा उल्लेख करावा लागतो आणि आपलं भाषांतरही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. पानाच्या तळाशी तशी ओळ टाकली. गाइडची भाषांतरं वेबलेट या साइटवर एकत्रितपणेही चालतात, ज्यांना आवड आहे त्यांनी तिकडे जरूर बघावं.

एकर-गुंठ्यांचं पॅकेज टेस्टपायपीआयवर गेलं. तिथून ते दुसऱ्या मशीनवर इन्स्टॉल करून एकाने आपल्या घरच्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र टाकून बघितलं आणि आजोबा सांगतात तो आकडा जुळला म्हणून ओरडला.

मात्र त्या दिवशी एक नवाच अडथळा पुढे आला. कोडमध्ये दुरुस्ती करून मुलांनी पुन्हा अपलोड करायचा प्रयत्न केला तर 'फाइल आधीच अस्तित्वात आहे' असं उत्तर आलं. एकदा चढवलेल्या फाइलचं नाव पायपीआयवर पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे आवृत्तीचा क्रमांक वाढवावा लागतो. तो वाढवला, पुन्हा बिल्ड केलं, म्हणजे पॅकेजच्या फाइल नव्याने तयार केल्या, तरी तोच संदेश. कारण बिल्डच्या फाइल जिथे जमा होतात त्या डिस्ट फोल्डरमध्ये जुन्या आवृत्तीच्या फाइल तशाच पडून होत्या आणि अपलोड करणाऱ्या ट्वाइन या साधनाला त्या फोल्डरमधलं सगळंच चढवायला सांगितलेलं होतं. दोन गट यात बराच वेळ अडकले.

याचीही नोंद वहीत झाली आहे आणि फेब्रुवारीत मी नवीन इश्यू उघडला आहे. एका मेंटेनरने जुन्या चर्चेची लिंक दिली, ती सध्या वाचते आहे; बिल्डआधी फोल्डर रिकामं करायला धड्यात सांगावं, की अपलोडच्या कमांडमध्येच आवृत्ती लिहायला लावावी, यावर दोन्ही बाजूंनी मतं आहेत. तोवर कुणी या जागी अडलं असेल तर पॅकेजची माहिती असलेल्या पायप्रोजेक्ट डॉट टॉमल फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक वाढवा, डिस्ट फोल्डरमधल्या जुन्या फाइल काढून टाका, पुन्हा बिल्ड करा आणि मग अपलोड करा. टोकन पेस्ट करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, ते तसंच असतं. एकदाच पेस्ट करा आणि एंटर दाबा.